पाच यवन राजे आणि आपली सनावळी

प्राचीन जगाची सनावळी पाठ करणाऱ्याला त्यातले सगळे आकडे सारख्याच वजनाचे वाटतात. बुद्धाचे महानिर्वाण इ.स.पू. ४८३, अलेक्झांडरची पंजाबवर स्वारी ३२६, चंद्रगुप्त मौर्याचे राज्यारोहण ३२१, कलिंगचे युद्ध २६१: पुस्तकाच्या शेवटी ही वर्षे एकाच टायपात, एकाखाली एक छापलेली असतात आणि कोणीतरी त्या त्या वेळी ती नोंदवून ठेवली असावीत असा आपला समज होतो. वास्तविक इसवी सनाच्या आधी जगलेल्या कोणालाही आपले वर्ष इ.स.पू. किती हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. हा प्रत्येक आकडा फार पुढच्या काळात कोणीतरी गणित मांडून काढलेला आहे, आणि ती गणिते एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. अलेक्झांडरचे वर्ष आकाशातल्या घटनांनी पक्के झालेले आहे. कलिंगचे वर्ष अलेक्झांडरच्या वारसदारांवरून काढलेले आहे आणि ते काही वर्षे इकडेतिकडे होऊ शकते. बुद्धाचे वर्ष तर अशोकाच्या वर्षात एक आकडा मिळवून आलेले आहे. तो आकडा खोटा ठरला तर बुद्ध शंभर वर्षांनी पुढे सरकतो. म्हणून वर्ष शिकताना ते कोणत्या खुंटीला टांगलेले आहे आणि किती हलते, हेही त्याच्याबरोबरच शिकले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. भारताच्या प्राचीन इतिहासापुरते हे म्हणणे तपासायचे तर अशोकाच्या तेराव्या शिलालेखापासून सुरुवात करावी लागते, कारण आपली मुख्य खुंटी तीच.

अशोकाने आपल्या लेखांत कोणताही शक वापरलेला नाही. तो वर्षे मोजतो ती स्वतःच्या राज्याभिषेकापासून. नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना ज्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला, त्या लेखात राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर राजा संबोधीच्या यात्रेला गेल्याचे सांगितले आहे. कलिंग आठव्या वर्षी जिंकले, धर्ममहामात्र तेराव्या वर्षी नेमले, असा सगळा हिशेब त्याच्यापुरता चोख आहे. पण हा राज्याभिषेक जगाच्या काळात कुठे बसवायचा, याचा त्यातून पत्ता लागत नाही. तो लागतो तेराव्या लेखातल्या एका यादीवरून. कलिंगच्या संहाराबद्दल पश्चात्ताप व्यक्त केल्यावर अशोक म्हणतो की धर्माचा विजय त्याने सहाशे योजनांपर्यंत मिळवला आहे, जिथे अंतियोक नावाचा यवन राजा राज्य करतो, आणि त्याच्याही पलीकडे तुरमाय, अंतेकिन, मक आणि अलिकसुदर हे चार राजे आहेत. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली आणि पुढच्याच वर्षी गिरनारच्या शिळेवर ही नावे ओळखू आली. सीरियाचा दुसरा अँटिओकस, इजिप्तचा दुसरा टॉलेमी, मॅसिडोनियाचा अँटिगोनस गोनाटस, आजच्या लिबियातल्या सायरीनीचा मगस आणि एपिरसचा अलेक्झांडर. दुसरा अँटिओकस गादीवर आला इ.स.पू. २६१ मध्ये, एपिरसचा अलेक्झांडर २५५ च्या सुमारास आणि मगस त्यानंतर थोड्याच वर्षांत गेला असे साधारणपणे धरतात. हे पाचही जण राज्यावर असल्याची बातमी पाटलिपुत्रात पोचली ती या चार-सहा वर्षांतली. ती बातमी अशोकाच्या बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपासच्या लेखमालेत आलेली असल्यामुळे राज्याभिषेक इ.स.पू. २७० च्या थोडा अलीकडे-पलीकडे पडतो. पुस्तकांत २६८ किंवा २६९ छापतात ते इथून. काही विद्वान अलिकसुदर म्हणजे कॉरिंथचा अलेक्झांडर मानतात, काहींना अंतियोक हा पहिला अँटिओकस वाटतो. या वादांत कोणताही पक्ष घेतला तरी अशोक फार तर दहा वर्षांनी हलतो. पाच स्वतंत्र राजांची आयुष्ये एकमेकांवर जिथे पडतात तो पट्टाच मुळात अरुंद आहे, आणि या पुराव्याचे बळ त्यात आहे.

इथे चौकस वाचकाने विचारावे की या यवन राजांची वर्षे तरी कोणी ठरवली. अशोकाचे वर्ष अँटिओकसवर टांगले, पण अँटिओकस कशावर? त्याचे उत्तर ग्रीसमध्ये मिळत नाही, बॅबिलोनमध्ये मिळते. अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याच्या घराण्याने एक नवी गोष्ट केली: राजा बदलला की वर्षे पुन्हा एकपासून मोजायची जुनी रीत मोडून त्यांनी एकच मोजणी पुढे चालू ठेवली. बॅबिलोनच्या हिशेबाने ती इ.स.पू. ३११ मध्ये सुरू होते. मातीच्या एका पाटीवर या घराण्याची राजयादी आहे, आणि पहिला अँटिओकस या शकाच्या ५१ व्या वर्षी मरण पावल्याचे तीत लिहिले आहे. ३११ हा आकडा पक्का कसा, तर त्याच बॅबिलोनमध्ये पुरोहित-ज्योतिषी शतकानुशतके रात्रीच्या आकाशाची रोजनिशी लिहीत होते. चंद्र कुठल्या ताऱ्याजवळ होता, ग्रहण कधी लागले, शिवाय जवाचा भाव काय होता आणि नदीचे पाणी किती चढले. अलेक्झांडरच्या गौगामेलाच्या लढाईआधी लागलेले चंद्रग्रहण या रोजनिशीत आहे, ते इ.स.पू. ३३१ च्या २० सप्टेंबरचे, असे आजचे खगोलगणित सांगते. अलेक्झांडरचा मृत्यूही तिथेच नोंदला आहे, महिना आणि तिथीसह, तो जून ३२३ मधला. त्या नोंदीत लिहिणाऱ्याने राजाच्या मृत्यूशेजारीच आभाळ ढगाळ असल्याचेही टिपले आहे, कारण त्याचे मुख्य काम ते होते. अशोकाने कलिंग कधी जिंकले हे आज आपण सांगू शकतो ते अशा एका माणसाच्या जोरावर, ज्याला कलिंग कुठे आहे हे माहीत नव्हते आणि माहीत करून घेण्याची गरजही नव्हती.

या साखळीवर आपल्याकडे एक आक्षेप फार वेळा घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. आक्षेप असा की ही सगळी रचना इंग्रजांची आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी १७९३ मध्ये ग्रीकांचा सँड्रोकोटस म्हणजे चंद्रगुप्त मौर्य अशी ओळख पटवली, आणि त्या एका तर्कावर भारताचा इतिहास हजार-बाराशे वर्षांनी आखूड केला. पुराणांतल्या राजवंशांच्या वर्षांची बेरीज केली तर मौर्य इ.स.पू. सोळाव्या शतकात जातात, आणि अलेक्झांडरच्या वेळचा चंद्रगुप्त हा गुप्त घराण्यातला ठरतो. या आक्षेपातला एक भाग मान्य करायला हवा. जोन्स यांचे मन मोकळे नव्हते. बायबलमधल्या प्रलयाच्या वर्षाशी हिंदू कालगणना जुळवून घेण्याची खटपट त्यांच्या लिखाणात स्पष्ट दिसते. शिवाय नावाच्या साम्यावर उभी केलेली ओळख एकटी असेल तर कच्चीच. पण जोन्स १७९४ मध्ये वारले, आणि तेरावा लेख वाचला गेला तो त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी. त्या लेखात सँड्रोकोटसचे नाव नाही, जोन्स यांच्या तर्काचा त्याला आधारही लागत नाही. उलट अशोकापासून मागे मोजत गेले तर काय होते ते पाहावे: पुराणे चंद्रगुप्ताला २४ आणि बिंदुसाराला २५ वर्षे देतात, सिंहली इतिवृत्ते २४ आणि २८, शिवाय गादी आणि अभिषेक यांत चार वर्षांचे अंतर. म्हणजे चंद्रगुप्त इ.स.पू. ३२० च्या आसपास येतो. सेल्युकसने सिंधूपलीकडचा प्रदेश देऊन ५०० हत्ती घेतले तो तह ३०३ च्या सुमाराचा, आणि ते हत्ती ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत उतरले. ग्रीकांकडून पुढे आलेला धागा आणि पुराणांच्याच वर्षांवरून मागे नेलेला धागा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. यात पुराणांना खोटे पाडलेले नाही. त्यांची वंशवार आकडेवारी इथे साक्षीदार म्हणून उपयोगी पडली आहे. अडचण येते ती समकालीन घराणीही एकामागून एक ठेवून सगळ्यांची बेरीज केली तर.

याच पक्षाचे दुसरे म्हणणे असे की अंतियोक वगैरे राजे सीरिया-इजिप्तचे नसून आपल्याच सरहद्दीवरचे कोणी यवन सरदार असतील. सहाशे योजने हे अंतर सरहद्दीला बसत नाही, ही एक गोष्ट झाली. त्याहून भारी पुरावा १९५८ मध्ये कंदाहारला सापडला: अशोकाच्या अभिषेकाला दहा वर्षे झाल्यानंतरचा लेख, वर ग्रीक भाषेत, ग्रीक लिपीत आणि खाली अरमाईक भाषेत कोरलेला. धर्म या शब्दासाठी त्यात जो ग्रीक शब्द योजला आहे तो ग्रीक तत्त्वज्ञांच्या लेखनातला नेहमीचा शब्द आहे. ग्रीक वर्णमालाच मुळी इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास तयार झाली. अशोकाला पंधराव्या शतकात नेऊन बसवणाऱ्याला आधी या शिळेवरची अक्षरे पुसावी लागतील. मला वाटते, एवढ्या पुराव्यानंतर हा वाद इतिहासाचा राहत नाही, अभिमानाचा होतो. आणि प्राचीनतेचा अभिमान बाळगायला इ.स.पू. तिसरे शतक का पुरत नाही, हे कोडे मला सुटलेले नाही.

आता बुद्धाकडे वळू, कारण खुंटी पक्की असूनही धागा किती लांबू शकतो हे तिथे दिसते. सिंहली परंपरा सांगते की बुद्धाच्या निर्वाणानंतर २१८ वर्षांनी अशोकाला अभिषेक झाला. तीच परंपरा निर्वाणाचे वर्ष इ.स.पू. ५४४ धरते, अडीच हजाराव्या बुद्धजयंतीचा सोहळा १९५६ मध्ये झाला तो त्याच हिशेबाने. पण ५४४ मधून २१८ वजा केले तर अशोकाचा अभिषेक ३२६ मध्ये येतो, म्हणजे अलेक्झांडर आणि पोरस झेलमच्या काठावर लढत होते त्या वर्षी. हे पाच यवन राजांशी जुळत नाही. तेव्हा विद्वानांनी २१८ ठेवले आणि ५४४ सोडले: २६८ अधिक २१८ म्हणजे ४८६, किंवा थोड्या फरकाने ४८३. चीनमध्ये कँटनला एका ग्रंथाच्या प्रतीवर दर वर्षी एक ठिपका देण्याचा प्रघात होता, इ.स. ४८९ पर्यंत ते ९७५ ठिपके झाले, आणि त्यांचाही हिशेब इ.स.पू. ४८६ ला पोचतो. दोन साक्षी जुळल्या म्हणून ४८३-४८६ हे वर्ष पुस्तकांत स्थिरावले. मात्र उत्तरेकडच्या बौद्ध परंपरेत निर्वाण आणि अशोक यांच्यामध्ये २१८ नव्हे, १०० वर्षे सांगितली आहेत. ती खरी मानली तर निर्वाण इ.स.पू. ३६८ च्या आसपास जाते. १९८८ मध्ये गॉटिंगेन इथे याच प्रश्नावर परिषद भरली होती, आणि त्यानंतर ४८३ वरचा अनेकांचा विश्वास डळमळला. चौथ्या शतकाकडे झुकणारे अभ्यासक आज पुष्कळ आहेत. महावीर, बिंबिसार, अजातशत्रू हे सगळे बुद्धाच्याच काळाला बांधलेले आहेत, त्यामुळे बुद्ध सरकला की तेही सरकतात. हे ज्याला माहीत नाही त्याला ४८३ आणि ३२६ हे दोन्ही आकडे सारखेच पाठ असतील, पण त्यातला एक वाद घालण्याजोगा आहे आणि दुसरा नाही, हे त्याला कळणार नाही.

मग विज्ञान कशासाठी आहे, असे कोणी म्हणेल. कोळशाचा तुकडा प्रयोगशाळेत द्यावा आणि वर्ष घ्यावे. कार्बन पद्धतीचे उपकार मोठे आहेत, विशेषतः जिथे लेखनच नाही तिथे. पण ती वर्ष देत नाही, पट्टा देते, आणि बुद्धाच्या बाबतीत नशीब असे वाईट की साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात वातावरणातल्या कार्बनच्या प्रमाणामुळे दुरुस्तीचा आलेख जवळजवळ सपाट होतो. त्या चारशे वर्षांतल्या कोणत्याही नमुन्याचे उत्तर फार मोठ्या पट्ट्यात पसरते. नेमका जो प्रश्न सोडवायचा तिथे यंत्राची नजर अधू होते.

अशोकाच्या मागे जाऊ लागले की जगभर हाच प्रकार दिसतो, फक्त खुंट्या वेगळ्या. असिरियात दर वर्षाला एका अधिकाऱ्याचे नाव देत आणि त्या नावांच्या याद्या ठेवत. बुर-सगले या अधिकाऱ्याच्या वर्षी सूर्यग्रहण झाल्याची नोंद आहे. ते इ.स.पू. ७६३ च्या १५ जूनचे ठरल्यावर त्या यादीतली मागची-पुढची अडीचशे वर्षे एका फटक्यात जागेवर बसली. चीनमध्ये वर्षावर बोट ठेवता येते ते ८४१ पासून. त्याच्या मागे जमीन मऊ होत जाते. हम्मुराबीचे वर्ष आपण १७९२ असे पाठ करतो, पण १८४८ आणि १७२८ यांचेही समर्थक आहेत. कारण बॅबिलोनच्या एका पाटीवर शुक्राच्या उदयास्तांची जी नोंद आहे ती साठेक वर्षांच्या अंतराने पुन्हा जुळते, आणि त्यातली खरी जुळणी कोणती हे पाटी सांगत नाही. हडप्पा-मोहेंजोदडोची कथा याहून नाट्यमय. जॉन मार्शल यांनी सप्टेंबर १९२४ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात शोध जाहीर केला तेव्हा या शहरांचे वय सांगण्याजोगा पुरावा त्यांच्या हाती नव्हता. पुढच्या काही आठवड्यांतच मेसोपोटेमियाच्या अभ्यासकांनी त्या मुद्रांची छायाचित्रे पाहून सुसा आणि सुमेरशी असलेले नाते दाखवले, आणि भारतीय संस्कृती एकदम इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात जाऊन बसली. भारतीय इतिहास इंग्रजांनी आखूड केला म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की तो दोन हजार वर्षांनी लांबवणारी खुंटीसुद्धा इराकमध्येच सापडली.

शिकवणाऱ्याचा आक्षेप वेगळा असतो: मुलांना आधीच वर्षे लक्षात राहत नाहीत, त्यात हा पुराव्याचा पसारा कशाला, आणि सगळे डळमळीत आहे असे एकदा सांगितले की मग कोणीही काहीही म्हणायला मोकळा. दोन्ही भीती मला उलट्या वाटतात. सुटी वर्षे लक्षात राहत नाहीत याचे कारण ती सुटी असतात. अशोक, अँटिओकस आणि बॅबिलोनचे ग्रहण ही एक गोष्ट म्हणून कळली की तीन आकडे एकमेकांना धरून राहतात. आणि डळमळणे सगळीकडे सारखे नसते. अशोक दहा वर्षांनी हलू शकतो, बुद्ध शंभर वर्षांनी. पण बुद्ध अशोकाच्या आधी, अलेक्झांडर चंद्रगुप्ताच्या थोडा आधी, हा क्रम कोणत्याही हिशेबात बदलत नाही. कोणीही काहीही म्हणण्याची मुभा मिळते ती सगळी वर्षे सारखीच पक्की सांगितल्यामुळे: त्यातले एक खोटे निघाले की ऐकणाऱ्याला सगळीच खोटी वाटू लागतात.

क्रम पक्का आणि वर्ष हलते याचा आपल्या घरचा दाखला सातवाहनांचा आहे. आपल्या पंचांगावर शालिवाहन शक छापतात, पण सातवाहनांनी स्वतः तो शक कधी वापरला नाही; नाशिक-कार्ल्याच्या त्यांच्या लेखांत अशोकासारखीच राज्यवर्षे आहेत, वर ऋतू आणि पंधरवडा. गौतमीपुत्र सातकर्णीने राजा नहपानाच्या क्षहरात घराण्याचा उच्छेद केला हे नाशिकच्या लेण्यातल्या त्याच्या आईच्या लेखावरून कळते. गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षाच्या लेखात नहपानाचा जावई उषवदात याच्या ताब्यात असलेली जमीन तो भिक्षूंना देतो. आणि १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. आधी कोण आणि नंतर कोण, याबद्दल इथे बोलायला जागाच नाही. पण कधी? उषवदाताच्या लेखांत ४१, ४२, ४५ ही वर्षे आहेत, जुन्नरला अयम अमात्याच्या लेखात ४६. ही शकवर्षे मानली तर नहपान इ.स. १२४ पर्यंत राज्यावर होता. ती त्याची स्वतःची राज्यवर्षे मानली तर तो त्याच्या आधी, पहिल्या शतकातच संपतो.

दुसऱ्या पक्षाच्या हाती पेरिप्लस हे ग्रीक खलाशी व्यापाऱ्याचे पुस्तक आहे. कल्याणला आलेली जहाजे पहारा ठेवून भडोचला नेतात, अशी त्यात तक्रार आहे, आणि भडोचकडच्या राजाचे हस्तलिखितात बिघडलेले नाव बहुतेक अभ्यासक मंबनस, म्हणजे नहपान, असे वाचतात. त्याच पुस्तकात पेट्राच्या नबाती राजाचा, मलिकसचा, उल्लेख येतो, आणि मलिकस इ.स. ४० ते ७० या काळातला आहे. पहिल्या पक्षाला आधार म्हणजे अलेक्झांड्रियाचा टॉलेमी, ज्याने इ.स. १५० च्या सुमारास लिहिताना पैठणला पुळुमावी आणि उज्जैनला चष्टन राज्य करत असल्याचे सांगितले. पुळुमावी हा गौतमीपुत्राचा मुलगा, त्यामुळे बापाचा विजय त्याच्या फार आधी नेता येत नाही असे ते म्हणतात. मला पेरिप्लसचा पुरावा जास्त वजनदार वाटतो, कारण तो लेखक भडोचच्या बंदरात स्वतः उतरलेला दिसतो आणि टॉलेमीने माहिती इतरांकडून, निरनिराळ्या वर्षांची, गोळा केलेली आहे. तरीही पेरिप्लसमधले ते नाव दुरुस्त करून वाचलेले आहे, एवढी कच्ची बाजू माझ्या पक्षाला आहे, आणि नहपानाचे शकवर्ष स्पष्ट सांगणारा एखादा लेख उद्या जुन्नरच्या डोंगरात निघाला तर मलिकसला बाजूला ठेवून गौतमीपुत्राला पन्नास वर्षे अलीकडे आणावे लागेल.